गळ्यातला राखणदार

माझ्या वडिलांचा गळा आमच्या घरचा नव्हता, गावाचा होता. शिमग्यात पालखी सहाणेवर, म्हणजे देवीच्या चौथऱ्यावर, बसली की देवीसमोर गाऱ्हाणं घालायचा मान आमच्या घराण्याचा, आणि मला कळायला लागल्यापासून तो बाबांनीच सांभाळला. महिपत गावकर म्हटलं की लांज्याकडच्या आमच्या पट्ट्यात लोक आधी आवाजाबद्दल बोलत, मग माणसाबद्दल. गाऱ्हाणं म्हणजे सगळ्या गावाच्या वतीनं देवाशी मोठ्यानं बोलणं. शिवेवरच्या देवापासून सुरुवात करायची, एकेक जागा नावानं घ्यायची, मग वाड्या, मग मुंबईला गेलेले, अडलेल्या बाया, गुरंढोरं, काजूचा मोहर; आणि प्रत्येक मागणीनंतर गावानं एका दमात 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. सगळं तोंडपाठ असावं लागतं, आणि क्रम चुकलेला चालत नाही.

२००७ च्या शिमग्यात बाबांचा क्रम चुकला.

गाऱ्हाणं अर्ध्यावर आलं असताना त्यांना ठसका लागला. कुणीतरी तांब्या पुढे केला, ते पाणी प्यायले, पुन्हा सुरू झाले, आणि वरच्या वहाळावरच्या, म्हणजे ओढ्यावरच्या, राखणदार देवाचं नाव न घेताच पुढच्या जागेवर गेले. गावाच्या लक्षातही आलं नाही. 'व्हय म्हाराजा' म्हणायची गावाला इतकी सवय, की मध्येच कुणी रेशनची साखर मागितली असती तरी गावानं तेच म्हटलं असतं. लक्षात आलं ते सखारामकाकांच्या. हे बाबांचे चुलतभाऊ. बरीच वर्षं बाबांच्या मागे उभं राहून ते नुसते ओठ हलवत आले होते. दुसऱ्या दिवशी अंगणात येऊन ते म्हणाले, "दादानू, काल राकनदार ऱ्हायला." एवढंच बोलून ते निघून गेले. बाबांचा चेहरा उतरला तो उतरलाच.

त्याच आठवड्यात त्यांच्या गळ्यात काहीतरी अडकलं.

गिळताना अडकायचं नाही. भात जायचा, पेज जायची. पण रिकाम्या गळ्यात, काही न खाता-पिता, तिथे काहीतरी आहे असं त्यांना वाटायचं. खाकरून जायचं नाही, पाण्यानं उतरायचं नाही. हळूहळू आवाज घोगरा झाला. मी रत्नागिरीहून घरी गेले की ते गळ्याच्या खळगीवर बोट ठेवून सांगत, "हितं बसलाय, गोदे." कोण बसलाय हे ते सांगत नसत. सगळ्या घराला ठाऊक होतं.

मी रत्नागिरीत मांडवीला राहते, नगरपरिषदेच्या शाळेत शिकवते. मला राखणदार वगैरे काही दिसत नव्हता. बाबांनी जन्मभर तंबाखू खाल्ली होती, आवाज बसला होता आणि गळ्यात गाठ असल्यासारखं वाटत होतं. या तीन गोष्टींची बेरीज करायला शिक्षिका असावं लागत नाही. तो शब्द मी तोंडातून काढला नाही. नवऱ्याजवळही नाही. पण वर्गात पाढे म्हणून घेताना एखादं पोर खोकलं तरी मी पुढचा आकडा विसरायची.

पावसाळ्यात मी त्यांना ओढून आणलं आणि एका दवाखान्यात दुर्बिणीची तपासणी करून घेतली. तोंडातून नळी घालून जठरापर्यंत बघतात ती. बाबा नळी जाताना इतके उमळले की दोघांनी त्यांना धरून ठेवलं. रिपोर्ट आला: सगळं ठीक. जठर ठीक, अन्ननलिका ठीक. "मनावर घेतलंय त्यांनी," तिथले डॉक्टर म्हणाले. मी आनंदानं नाचायचीच बाकी होते. देवापुढे साखर ठेवली, बाबांना एसटीत बसवून दिलं.

गावात त्या रिपोर्टाचा भलताच अर्थ झाला. डॉक्टरच्या दुर्बिणीला काही सापडलं नाही, म्हणजे ते डॉक्टरचं नव्हेच, हे आता सगळ्यांच्या लेखी पक्कं झालं. आणि बाबांच्या लेखी तर फारच पक्कं झालं. त्यांनी अमावास्येला वहाळावर नारळ द्यायला सुरुवात केली. बोलणं कमी केलं. गणपतीत आरतीला उभे राहिले ते ओठ मिटून. दिवाळीनंतर गावाच्या बैठकीत त्यांनी स्वतः उठून सांगितलं की पुढच्या शिमग्यात गाऱ्हाणं सखाराम घालील. मला हे आयेनं फोनवर सांगितलं, आणि सांगताना ती रडत होती. आमची आये, म्हणजे गंगा गावकरीण, सासू गेली तेव्हा रडली नव्हती.

आवाज काही सुधारला नाही. उलट पौष संपता संपता ते बोलायला लागले की कपड्यावर कपडा घासल्यासारखं ऐकू यायचं. माझी झोप उडाली. 'ठीक' म्हणणाऱ्या रिपोर्टावर मी सहा महिने जगले होते, आणि आता मला त्या रिपोर्टाचाच राग यायला लागला.

आमच्या शाळेतल्या एका बाईंनी डॉक्टर सलिल जोगळेकरांचं नाव सांगितलं. ते कोल्हापूरचे, महिन्यातून एकदा रत्नागिरीला यायचे, आणि आपलं यंत्र गाडीत घालून आंबा घाट उतरून आणायचे. मी आधी एकटीच जुना रिपोर्ट घेऊन गेले. माणूस तरुण होता, हळू बोलणारा. त्यांनी रिपोर्ट वाचला आणि विचारलं, "नळी जाताना फार उमळले होते का?"

"फार," मी म्हणाले. "दोघांनी धरलं होतं."

"मग खालचं नीट बघितलं असेल. वरचा भाग राहिला असण्याची शक्यता आहे." त्यांनी स्वतःच्या गळ्याच्या खळगीखाली बोटं ठेवली. "नळी गळ्यातून उतरते तेव्हा पेशंट उमळतो, आणि आम्ही सगळे घाईनं खाली जातो. येतानाही इथून झर्रकन बाहेर येतो. अन्ननलिकेची सुरुवातीची चार बोटं जागा, तिथं काही असलं तर निसटतं. शिवाय साध्या उजेडात सगळं गुलाबीच दिसतं. माझ्या दुर्बिणीला एक बटण आहे. ते दाबलं की फक्त निळा आणि हिरवा उजेड पडतो. त्यात वरच्या थरातल्या बारीक रक्तवाहिन्या तपकिरी उठून दिसतात. अस्तरात कुठे फरक असेल तर कळतो. मी वरचा भाग सावकाश बघतो."

"कॅन्सर असेल का?" तो शब्द माझ्या तोंडून पहिल्यांदा बाहेर पडला तो असा, परक्या माणसापुढे.

"बघितल्याशिवाय मी काही बोलत नाही," ते म्हणाले. खोटा धीर देणारा माणूस नव्हता तो, आणि त्या क्षणी मला खोटा धीर हवा होता.

आता बाबांना तयार करायचं. मी शनिवारी दुपारी गावी गेले. बाबा घरापुढच्या खळ्यात काजूचा पालापाचोळा ओढत होते.

"पुन्ना नली नको," ते म्हणाले. "डाक्टराला काय दिसनार? तो काय हाडामासाचा हाय दिसायला?"

"बाबा, त्या डॉक्टरांकडे वेगळा उजेड आहे."

"उजेडान दिसता तर म्या कंदील नसता घेतला?"

मी चिडले. मला चिडायला वेळ लागत नाही. "एक नाव राहिलं म्हणून देव माणसाच्या गळ्यात येऊन बसतो होय? आणि गाऱ्हाण्याच्या शेवटी तुम्हीच म्हणता ना, चुकलं माकलं पदरात घे म्हणून? मग घेतलं असेल त्यानं पदरात!"

बाबांनी हातातला खराटा खाली ठेवला. "त्या गावासाठी असता, गोदे. गावाचा चुकला-माकला. सांगनाऱ्याला ती सूट नाय."

आये ओटीवरून ऐकत होती. तिनं तोडगा काढला, "देवीला इचारूया. कौल लावूया. मग तर झाला?"

कौल लावायचा म्हणजे गुरवानं देवीच्या अंगावर फुलाच्या ओल्या कळ्या चिकटवायच्या, प्रश्न सांगायचा आणि वाट बघायची. उजवीकडची आधी पडली तर हो, डावीकडची पडली तर नाही. आम्ही संध्याकाळी देवळात गेलो. गुरवानं कळ्या लावल्या, आणि बाबांच्या वतीनं विचारलं, कारण बाबांनी स्वतः देवीशी बोलणं सोडलं होतं. मग आम्ही बघत बसलो. कळी पडेना. उजवी पडेना, डावी पडेना. मी बी.ए., डी.एड. झालेली बाई, देवीच्या खांद्यावरल्या त्या ओल्या कळीकडे डोळे लावून बसले होते, आणि मनात म्हणत होते, पड ग बाई, पड, तुझ्या पाया पडते. डावी पडली असती तर मी काय केलं असतं कोण जाणे. उजवी पडली.

गुरवानं खूश होऊन आयेच्या हातावर अंगारा दिला. आयेनं तो पदराच्या टोकाला गाठ मारून बांधला.

तपासणीच्या दिवशी दोघं आदल्या रात्रीपासून माझ्याकडेच होती. डॉक्टरांनी सांगितलं होतं, सकाळपासून काही खायचं नाही, प्यायचं नाही, पाण्याचा थेंब नको. मी आयेला चारदा बजावलं. बाबांचं तोंड वाळून गेलं होतं. दवाखान्याच्या बाकावर ते मांडीवर हात ठेवून ताठ बसले होते, आणि त्यांच्या गळ्याची घाटी वर-खाली होत होती. मी केसपेपर काढायला खिडकीपाशी गेले. परत आले तेव्हा आये पदर सारखा करत होती. माझं तिकडे लक्ष गेलं नाही.

आत बाबांच्या घशात औषधाचा फवारा मारला आणि डाव्या कुशीवर निजवलं. "तुम्ही आत थांबा," डॉक्टर मला म्हणाले, "हात धरा त्यांचा. ते फार घाबरलेत." मी धरला. समोर टीव्हीसारखा पडदा होता. मी ठरवलं होतं, पडद्याकडे बघायचंच नाही, आणि दुर्बीण आत गेल्यापासून मी दुसरं काहीही बघितलं नाही.

जीभ दिसली, घसा दिसला, मग एक ओला गुलाबी बोगदा. डॉक्टर थांबले. "उमळू नका, काका, नाकानं श्वास घ्या. मी पुढे जात नाहीये." मग त्यांनी बटण दाबलं आणि सगळा बोगदा निळसर हिरवा झाला.

त्यात काळे ठिपके होते.

एक-दोन नव्हे, भिंतीला चिकटलेले किती तरी. कुठे एकटे, कुठे पुंजके. डॉक्टर पडद्याजवळ वाकले. त्यांचं ते वाकणं मी आयुष्यात विसरणार नाही. मी भिंतीला टेकले तरी हात सोडला नाही, आणि बाबांनी माझी बोटं इतकी आवळली की त्यांना कळलंय असंच मला वाटलं. वर्षभर ज्या शब्दाला मी दाराबाहेर ठेवलं होतं तो शब्द काळा होऊन पडद्यावर पसरला होता. आयेला काय सांगायचं, एवढंच डोक्यात येत होतं. आयेला काय सांगायचं.

डॉक्टरांनी साधा उजेड लावला. ठिपके राखाडी दिसायला लागले. त्यांनी नळीतून पाणी सोडलं. एक पुंजका हलला, सुटला आणि खाली वाहून गेला.

"हे काय आहे?" डॉक्टर म्हणाले. मग माझ्याकडे वळून जरा कडक आवाजात, "सकाळी काय खाल्लंय यांनी?"

"काही नाही! शपथ काही नाही!"

"राखेसारखं दिसतंय."

राख म्हटल्याबरोबर माझ्या डोळ्यांपुढे आयेच्या पदराची गाठ आली. मी दार किलकिलं करून बाहेर डोकावले. आये दाराशीच उभी होती.

"आये, बाबांना अंगारा दिलास?"

"जिबंवर दिला वाईच," ती म्हणाली. मग माझा चेहरा बघून घाबरली. "पन पानी नाय दिला गो! पान्याचा थेंब नको म्हनलानी ना डाक्टर, म्हनून सुकाच गिल म्हनला मी!"

कोरडा घसा, कोरडा अंगारा, आणि वर डॉक्टरांचं सांगणं तंतोतंत पाळणारी माझी आई. मला हसू आणि रडू एकदम फुटलं. आत येऊन मी डॉक्टरांना सांगितलं. त्यांनी कपाळाला हात लावला नाही की ओरडले नाहीत. "बरं," म्हणाले, "धुवून काढतो." आणि खरंच कुणी देवघरातली समई घासावी तसं त्यांनी सावकाश, पाणी सोडत, खेचून घेत, ती चार बोटं जागा धुवून काढली. ठिपके एकेक करून गेले. मी बाबांच्या हातावर थोपटलं. झालं, बाबा, झालं.

"आता पुन्हा निळा उजेड," डॉक्टर म्हणाले.

भिंत स्वच्छ, निळसर हिरवी दिसली. आणि एका बाजूला, वाटाण्याहून जरा मोठा, कडा स्पष्ट असलेला एक तपकिरी चट्टा. डॉक्टरांनी त्याच्यावर पाणी सोडलं. तो हलला नाही. पुन्हा सोडलं. गेला नाही.

साध्या उजेडात तो जेमतेम कळत होता, बाजूच्यापेक्षा थोडा लालसर, मखमलीसारखा. निळ्या उजेडात मात्र कुणी शाईनं रेघ मारून दाखवावी तसा उठून आला. आधीच्या वेळी मी ठिपके बघून घाबरले होते. आता घाबरायलाही अंगात काही उरलं नव्हतं. डॉक्टरांनी चिमट्यानं त्याचे बारीक तुकडे घेतले, दुर्बीण खाली जठरापर्यंत नेऊन आणली, आणि सगळं संपल्यावर मला बाजूला घेतलं.

"मला ते साधं वाटतंय," ते म्हणाले. "कडा नीट आहेत, रक्तवाहिन्यांची नक्षी ठीक दिसते. पण तंबाखू खाणारा माणूस, आवाज बसलेला. तुकड्यांचा रिपोर्ट बघितल्याशिवाय मी शब्द देणार नाही. पुढच्या खेपेला मी येईन तेव्हा तिघंही या."

"फोनवर नाही का सांगणार?"

"रिपोर्ट मी फोनवर कुणालाच सांगत नाही."

पुढचे दिवस मी कसे काढले ते माझं मलाच माहीत. 'साधं वाटतंय' हे वाक्य घेऊन झोपायचे आणि 'शब्द देणार नाही' या वाक्यानं जाग यायची. मध्ये एकदा न राहवून कोल्हापूरला फोन लावलाच. तिथली मुलगी गोड आवाजात म्हणाली, "रिपोर्ट आलाय, मॅडम, पण सर समक्षच बोलतात." आला होता! तिथल्या कपाटात कुठेतरी तो पडून होता, आणि मी मांडवीच्या घरात मासळी साफ करत बसले होते. चांगला असता तर एवढ्या वेळात सांगून टाकला नसता का? वाईट आहे म्हणूनच समक्ष. असं मी किती वेळा स्वतःला पटवलं. मग ती मुलगी 'गोड' का बोलली, यावर विचार केला. दया आली असेल तिला. दोन दिवस मी घरात सगळ्यांवर खेकसत होते, आणि नवरा बिचारा मुलांना घेऊन जेटीवर जाऊन बसायचा.

गावात मात्र आनंदीआनंद होता. अंगाऱ्यानं जागा दाखवली, अशी बातमी आये पोचायच्या आधी गावात पोचली. म्हणजे राखणदार दिसला, आता तो जाणार. सखारामकाकांनी शिमग्यासाठी गाऱ्हाण्याचा सराव सुरू केला होता. काकू सांगायची, म्हशी धुताना म्हणतात आणि म्हशी बिचकतात. आणि बाबा? मी फोनवर विचारलं, "घाबरलात का, बाबा?"

"नाय," ते घोगरं म्हणाले. मग म्हणाले, "बोलनारच तो. डाक्टराच्या तोंडून बोलनार. बघूया काय शिक्षा सांगता ती."

मला वाटलं ते आजाराबद्दलच बोलतायत. माणूस भीतीला आपल्या भाषेत नाव देतो, असं मी स्वतःला समजावलं.

डॉक्टर आले ते होळीच्या तोंडावर. दवाखान्यात गर्दी होती. बाकावर आये मध्ये, बाबा आणि मी दोन बाजूंना. आयेच्या पदराला यावेळी गाठ नाही हे मी बघून घेतलं होतं. नाव पुकारलं तेव्हा मी उठले आणि पुन्हा बसले. बाबांनी मला हाताला धरून उठवलं.

डॉक्टरांनी पाकीट आधीच उघडून ठेवलं होतं. "कॅन्सर नाही," ते म्हणाले. बसायच्या आधीच म्हणाले, त्याबद्दल मी त्यांची जन्माची ऋणी आहे. "अजिबात नाही."

मी खुर्चीत कोसळले. आयेनं दोन्ही हात जोडून कपाळाला लावले. माझ्या कानात नुसतं घुमत होतं. पुढचं जे बोलले ते मी नीट ऐकलं ते बाबांमुळे. बाबा हलले नव्हते. ते अजून उभेच होते.

"मग त्या काय हाय?" त्यांनी विचारलं.

"सांगतो. बसा, काका. बाळ आईच्या पोटात असतं ना, तेव्हा अन्ननलिकेचं आतलं अस्तर बदलत जातं. बदलता बदलता एखादा छोटा तुकडा जुनाच उरतो. दिसायला जठराच्या अस्तरासारखा. कित्येकांना असतो, बहुतेकांना कळतही नाही. तुमचा तुकडा थोडं आम्ल सोडतो. त्यानं गळ्यात काहीतरी आहे असं वाटतं, आवाज बसतो. औषधानं कमी होईल. तंबाखू मात्र बंद."

"आवशीच्या पोटात असल्यापास्नं?"

"हो."

"गेल्या शिमग्याच्या आदी हुता?"

डॉक्टर हसले. "अहो काका, तुमच्या बारशाच्या आधी होता."

बाबा खाली बसले. टेबलावर दोन्ही हात पसरून त्यांनी डॉक्टरांकडे बघितलं. "मग ह्याच्यात माजी चूक काय हाय?"

"तुमची? काहीच नाही. कुणाचीच नाही. जन्माचंच आहे ते."

"तसा लिवून द्या."

डॉक्टरांना समजलं नाही. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मलाही आधी समजलं नाही, आणि मग इतकं समजलं की मला तिथे बसवेना. वर्षभर मी ज्याला भीत होते त्याला हा माणूस कधी भ्यालाच नव्हता. कॅन्सर निघाला असता तर त्यांनी तो शिक्षा म्हणून मुकाट्यानं घेतला असता. सगळं वर्ष ते आरोपी होते. अमावास्येला वहाळावर गेले ते आरोपी म्हणून, बैठकीत उठून मान सोडला तो आरोपी म्हणून, देवीशी बोलणं टाकलं ते आरोपी म्हणून. आणि आज, डॉक्टरच्या तोंडून, निकाल यायचा होता.

"लिहून द्या, डॉक्टर," मी म्हणाले. "मराठीत."

जोगळेकरांनी उगाच प्रश्न विचारले नाहीत. त्यांनी आपला छापील कागद ओढला आणि बोलत बोलत लिहिलं, "श्री. महिपत गावकर यांच्या गळ्यातील दोष जन्मापासूनचा आहे. यात त्यांच्या हातून कोणतीही चूक झालेली नाही." खाली सही केली. बाबांनी शिक्का मारायला सांगितला. त्यांनी शिक्का मारला.

"वाचून दाकवा," बाबा आयेकडे हात करून म्हणाले. "वाईच मोट्यान वाचा. हिला ऐकू जाउंदे."

डॉक्टरांनी मोठ्यानं वाचलं. 'कोणतीही चूक झालेली नाही' इथपर्यंत ते आले आणि बाबांनी टेबलावर डोकं टेकलं. मग ते रडले. हुंदके देत, घोगऱ्या, फाटक्या आवाजात, मोठमोठ्यानं रडले. सगळ्या पंचक्रोशीला ऐकू जाणारा तो आवाज वर्षभरात पहिल्यांदा पुरता बाहेर पडला होता, आणि त्या छोट्या खोलीत तो मावेना.

दाराचा पडदा वाऱ्यानं सरकला. बाहेर बाकावर बसलेले लोक आमच्याकडे बघत होते. एका बाईनं तोंडाला पदर लावला. तिच्या जवळचा म्हातारा मान खाली घालून बसला. सगळ्यांना वाटलं, या बिचाऱ्याला वाईट बातमी मिळालीय. त्यांना सांगायला मी उठले नाही. आयेनं बाबांच्या पाठीवर हात ठेवला, डॉक्टरांनी पुढचा पेशंट थोडा थांबवला, आणि आम्ही त्यांना रडू दिलं.